एंटर मारू का?

१

रोज सकाळी दहा वाजता मी घोटीला फोन लावायची आणि झुंबरकाकांना एबीसीडी सांगायची. चार वर्षं माझं मुख्य काम हेच होतं. व्हिजिटिंग कार्डावर मात्र ‘तृप्ती गायधनी, सीनियर सॉफ्टवेअर इंजिनीअर’ असं छापलेलं आहे आणि त्यातली साडेचारशे कार्डं अजून शिल्लक आहेत.

आमचं ऑफिस नाशिक रोडला, एका गाद्यांच्या दुकानाच्या वर. माणसं पाच. धान्याच्या गोदामातला ओलावा मोजायचा आणि तो वाढला की पंखे आपोआप सुरू करायचे, असं यंत्र आम्ही विकतो. घोटीचं भाताचं गोदाम हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथल्या एका खोलीत या पंख्यांचा कॉम्प्युटर होता, पण नाशिकहून त्यात शिरायची सोय नव्हती. काही अडलं की मी फोनवर कमांड सांगायची आणि तिथे खुर्चीत बसलेले झुंबरकाका ती एका बोटाने टाइप करायचे. कमांड म्हणजे कॉम्प्युटरला अक्षरांत दिलेला हुकूम. एक अक्षर चुकलं तर हुकूम वाया जातो, नाहीतर भलताच पाळला जातो.

“एल लिंबाचा. एस सशाचा. आता एक घर सोडा, काका.”

“सोडलं.”

अशी आमची भाषा होती. काकांना सगळी अक्षरं सापडायची, फक्त ‘क्यू’ सापडायचा नाही. ‘क्यू’ आला की फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू यायचा. कमांडमध्ये उभी रेघ आली तर त्याहून वाईट. काका अख्खा कीबोर्ड धुंडाळायचे आणि काल तर इथंच होती म्हणायचे. एकदा मी घाईने “थांबा” म्हटलं तर त्यांनी तेही इंग्रजी अक्षरांत टाइप करून टाकलं. ‘थांबा’ नावाची कमांड सापडली नाही, असं कॉम्प्युटरने रीतसर कळवलं.

“त्याला थांबायचं ठाऊकच नाय,” काका म्हणाले.

त्यांच्या दोन सवयी होत्या. कोऱ्या पानावर आधी श्री लिहायचं, ही पहिली. शाळेत लागलेली. सकाळी कॉम्प्युटर उघडला की ते आधी श्री टाइप करून एंटर मारायचे. कॉम्प्युटर म्हणायचा, श्री: अशी कमांड सापडली नाही. चार वर्षं रोज तो हेच म्हणाला आणि चार वर्षं रोज काकांनी श्री लिहिलं. या वादात कोणीच माघार घेतली नाही.

दुसरी सवय माझ्यामुळे लागलेली. पहिल्याच महिन्यात मी एक कमांड अर्धवट सांगून शिंकले. सांगून झालं असं समजून काकांनी एंटर मारला आणि चौदा पंखे दोन तास बंद पडले. तेव्हापासून ते प्रत्येक वेळी एंटरच्या आधी थांबून विचारायचे, “मारू का?” मी “मारा, काका” म्हणायची. दिवसातून चाळीस वेळा. खरं सांगते, त्या दोन शब्दांनी माझं डोकं उठायचं.

२

रविराज आमचा मालक. बॉस म्हटलेलं त्याला आवडत नाही, म्हणून सगळे त्याला बॉसच म्हणतात. श्रावणात एक दिवस तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला की हा फोनवरचा पाढे म्हणण्याचा प्रकार आता बंद करायचा. आपल्या वेबसाइटच्या पानातच टर्मिनल बसवायचं. म्हणजे ब्राउझरमध्ये एक काळी चौकट उघडायची, त्यात नाशिकला बसून कमांड लिहायची आणि ती थेट गोदामातल्या कॉम्प्युटरवर चालायची. दिवाळीनंतरच्या शुक्रवारी जिल्ह्यातले बारा गोदामवाले बघायला येणार होते. त्यांनी घेतलं तर ऑफिस चालू राहील, नाही घेतलं तर मार्चनंतर खालचे गादीवाले वर माल ठेवतील, असं त्याने हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. मला घराचे हप्ते आहेत.

काम मला आवडलं. एवढ्या वर्षांनी कार्डावरच्या पदाला शोभेल असं काहीतरी करत होते. या टर्मिनलची एक गंमत आहे, ती आधीच सांगते. तुम्ही ब्राउझरमध्ये ‘ए’ दाबलात तर तो लगेच दिसत नाही. तो आधी घोटीला जातो, तिथला कॉम्प्युटर तो लिहून घेतो आणि परत पाठवतो, मग तुमच्या चौकटीत उमटतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, त्यामुळे आपणच लिहिलं असं वाटतं. प्रत्यक्षात आपण फक्त सांगतो. लिहिलं जातं ते तिकडेच.

यासाठी घोटीच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकावा लागणार होता. तो टाकायला शिरायची सोय नव्हती, म्हणून तोही झुंबरकाकांनाच फोनवरून सांगितला. अकरा ओळी. त्यात दोन ‘क्यू’ आणि तीन उभ्या रेघा. हे कशासाठी चाललंय ते मी त्यांना सांगितलं नाही. ते रविराजने किंवा त्यांच्या मालकाने सांगायचं, माझं काम तांत्रिक, असं मी स्वतःला समजावलं.

शेवटची ओळ झाली. काकांनी विचारलं, “मारू का?”

मी म्हटलं, “मारा, काका.”

 खाली गादीवाल्याकडे कापूस पिंजायचं मशीन चाललं होतं. मग काकांनी पुन्हा विचारलं, “मारू ना, ताई?”

एका कमांडला त्यांनी दोनदा कधीच विचारलं नव्हतं. मी जरा चिडूनच म्हटलं, “हो, मारा की.” आणि त्यांनी मारला.

आठवड्याने घोटीच्या मालकांनी काकांचा निरोप समारंभ केला. खुर्चीत माणूस लागणारच नव्हता. शाल दिली, नारळ दिला, आणि काकांनी मागितला म्हणून जुना कीबोर्डही दिला. हे मला नंतर कळलं. समारंभाचं बोलावणं होतं. मी त्या दिवशी सर्व्हरचं काम काढलं.

३

दिवाळी झाली. डेमोच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी दहा वाजता मी ब्राउझरमध्ये घोटीचं टर्मिनल उघडलं. चौकट कोरी असायला हवी होती. तीत दोन ओळी होत्या.

पहिली ओळ, इंग्रजी अक्षरांत, श्री. दुसरी, श्री: अशी कमांड सापडली नाही.

मी घाबरले नाही. मला हसू आलं. काकांनी इतक्या वेळा श्री लिहिलं होतं, की कुठल्यातरी फाइलमध्ये ते साठून राहिलं असणार आणि टर्मिनल उघडताना आपोआप चालत असणार. मी त्या फाइली उघडायला बसले.

तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. मी लिहिलेली अक्षरं उमटायला वेळ लागत होता. मी ‘एल’ दाबला. काही नाही. मग ‘एल’ आला. मी ‘एस’ दाबला. थोड्या वेळाने ‘एस’ आला. मी एक अख्खी ओळ झरझर लिहून हात मागे घेतले आणि बघत बसले. ओळ एकेक अक्षराने भरत गेली, मध्ये जरा थबकत, पुन्हा पुढे जात. मान खाली घालून कोणीतरी अक्षरं शोधत असावं, तशी.

फाइलींमध्ये श्री कुठेच नव्हतं.

हर्षल माझ्या शेजारी बसतो, वय चोवीस, सगळ्या प्रश्नांना इंटरनेट हेच कारण देतो. त्याने बघून सांगितलं की घोटीचं इंटरनेट ढिलं पडलंय. मी लाइन मोजली. निरोप घोटीला जाऊन परत यायला एका सेकंदाचा विसावा भाग लागत होता. अक्षराला मात्र एक सेकंद. मधल्या वेळात ते अक्षर कुठे होतं, हे हर्षलला विचारलं तर तो चहा आणायला गेला.

४

मंगळवारी मी शहाण्या माणसासारखं वागायचं ठरवलं. कागद घेतला, प्रत्येक अक्षराला किती वेळ लागतो ते लिहून काढलं. यंत्रात बिघाड असेल तर सगळ्या अक्षरांना सारखाच उशीर व्हायला हवा. यंत्राला ‘ए’ काय आणि ‘झेड’ काय.

‘ए’ एक सेकंद. ‘एस’ एक सेकंद. ‘एम’ जरा जास्त. ‘झेड’ चार.

‘क्यू’ अकरा.

मी उभी रेघ दाबली. एक मिनिट झालं. हर्षल माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. दीड मिनिट झालं. दोन मिनिटांनी ती उमटली, आणि हर्षल अगदी हळू आवाजात म्हणाला, “सापडली वाटतं.”

मी त्याला म्हटलं की उगाच काहीतरी बोलू नकोस. 

मी घोटीला सुनीलला फोन लावला. सुनील तिथला सुपरवायझर. व्हिडिओ कॉलवर कॉम्प्युटरची खोली दाखव म्हटलं. त्याने कुलूप उघडलं. चार वर्षं मी त्या खोलीशी बोलत होते, पण खोली पहिल्यांदा बघत होते. एवढीशी होती. एक टेबल, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर, खुर्चीवर दुमडलेलं पोतं, त्यात बसून बसून पडलेला खळगा. टेबलावर भाताच्या तुसाची पिवळी धूळ आणि त्या धुळीत कीबोर्डाच्या आकाराची एक स्वच्छ लांबट जागा.

“कीबोर्ड तर काकाच घेऊन गेले, म्याडम,” सुनील म्हणाला. “वायरचा व्हता. इथं आता काय नाय.”

मी नाशिकहून ‘क्यू’ दाबला. फोनवर ती खोली दिसत होती. काही हललं नाही, काही वाजलं नाही. अकराव्या सेकंदाला सुनीलच्या मागच्या स्क्रीनवर ‘क्यू’ उमटला.

सुनील म्हणाला, पाल असंल. पाल स्क्रीनवर ‘क्यू’ कसा लिहील, असं मी विचारलं नाही. त्यालाही ते विचारलेलं नको होतं. त्याने घाईने कुलूप लावलं. लावण्याआधी खुर्ची मात्र टेबलाखाली नीट सरकवून ठेवली.

दुपारी रविराजने डेमोची उजळणी बघितली. एक ओळ लिहायला चाळीस सेकंद लागले. गोदामवाले एवढ्या वेळात घरी जातील म्हणाला. शुक्रवारपर्यंत हे सरळ झालं नाही, तर दुसरी नोकरी बघ, असंही म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

५

बुधवारी मी सुट्टी टाकून एसटीने घोटीला गेले. तिथून रिक्षाने काकांच्या वाडीवर. हर्षलचा नवा सिद्धांत असा होता, की म्हातारा रागावलाय आणि कुठूनतरी खोडी काढतोय. मला तो सिद्धांत फार आवडला. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते.

काका ओट्यावर बसले होते. तब्येत ठणठणीत. मला बघून खरोखर खूश झाले. फोनवरचा आवाज आणि समोरचा माणूस यांचा मेळ घालायला आम्हा दोघांनाही जरा वेळ लागला. त्यांच्या पत्नीने, चतुराबाईंनी, चहा आणला. काकांनी दोन्ही हातांनी बशी धरली. हे दोन्ही हात मी मुद्दाम सांगते आहे.

इकडचं तिकडचं झालं. मी काही विचारणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला.

टक.

थोड्या वेळाने, टक. मग टक टक.

हर्षल ऑफिसात बसून टर्मिनल तपासत होता. मी त्याला फोन करून थांब म्हटलं. आतला आवाज थांबला. मग मी माझ्या मोबाइलवर ब्राउझर उघडला, टर्मिनलचं पान आणलं आणि ‘ए’ दाबला.

आत टक वाजलं. मोबाइलवर ‘ए’ उमटला.

‘एस’ दाबला. टक. ‘एस’.

‘क्यू’ दाबला. आत काही वाजेना. मी मनात आकडे मोजत होते. काकांनी बशीतला चहा फुर्र करून ओढला. नऊ. दहा.

टक.

 मी उठून दाराशी गेले. आतल्या खोलीत उजेड कमी होता, नव्या भाताचा वास भरला होता. भिंतीशी कणगी होती आणि तिच्या झाकणावर निरोपाची शाल पसरलेली होती. शालीखाली काहीतरी लांबट. बाजूने वायर खाली लोंबत होती, तिचं टोक कशातच नव्हतं, नुसतं हवेत हलत होतं. मी मोबाइलवर ‘एम’ दाबला. शाल एका जागी बोटाएवढी दबली आणि वर आली.

मी शाल उचलली नाही. शहाण्या माणसाने उचलून बघायला हवी होती. मी ओट्यावर येऊन बसले.

“पयल्या दिवशी भ्या वाटलं,” चतुराबाई म्हणाल्या. “आता घड्याळ लागत नाय. दहाला सुरू व्हतं, सहाला बंद व्हतं. मग मी चूल पेटवते. आईतवारी सुट्टी असंल.”

मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले की मी काय बी करत नाय, ताई, माझे हात हे इथं हायेत. आणि बशी उचलून दाखवली. सवय सुटत नसंल, असं म्हणाले. कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

पण दुसरं एक होतं, ते बोलल्याशिवाय मला उठता येईना. मी म्हटलं, “काका, तो शेवटचा प्रोग्रॅम मी तुमच्याकडून टाइप करून घेतला. त्यानेच तुमचं काम गेलं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.”

काकांनी बशी खाली ठेवली. आतून एक वही आणली. चार वर्षांतली माझी प्रत्येक कमांड तीत लिहिलेली होती, प्रत्येक पानावर वर श्री.

“ठाऊक व्हतं, ताई,” ते म्हणाले. “चार वर्सं लिवलं, तर थोडं वाचता बी येणार की. म्हणून तर दोनदा इचारलं.”

मला रडू आलं. चतुराबाईंनी आणखी चहा आणला. आत शांत होतं. कोणी काही सांगत नव्हतं, म्हणून.

६

गुरुवारी हर्षलने उपाय शोधला. घोटीच्या कॉम्प्युटरला एकच कमांड द्यायची, की यापुढे तुझ्या जुन्या कीबोर्डाचं काहीही ऐकू नकोस. फक्त ब्राउझरचं ऐक. रविराजला हे इतकं पटलं, की त्याने ही कमांड शुक्रवारी सगळ्यांसमोरच द्यायची ठरवली. तिकडून कोणी हात लावू शकत नाही, हेच आपलं वैशिष्ट्य, असं तो गोदामवाल्यांना सांगणार होता.

मी वाडीवर काय बघितलं ते मी त्याला सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? माझी नोकरी एका शालीखाली आहे, असं?

शुक्रवारी बाराच्या बारा गोदामवाले आले. खुर्च्या कमी पडल्या, खालून चार गाद्या आणल्या. मोठ्या स्क्रीनवर टर्मिनल. रविराजने भाषण केलं आणि मला खूण केली. मी कमांड लिहिली. लांबलचक होती. अक्षरं एकेक करून उमटू लागली. मागून कोणीतरी जांभई दिली. रविराजच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. मध्ये एक ‘क्यू’ होता. अकरा सेकंद बारा धनिक माणसं कोऱ्या जागेकडे बघत बसली.

ओळ पूर्ण झाली. मी एंटर दाबला.

काही झालं नाही. मी पुन्हा दाबला. मग खालच्या ओळीवर अक्षरं यायला लागली. ती मी लिहिलेली नव्हती. माझे हात मांडीवर होते.

मारू का?

रविराजने माझ्याकडे बघितलं. हर्षलने छताकडे बघितलं. त्या ओट्यावरची बशी माझ्या डोळ्यांसमोर आली. आपल्याला पुसून टाकतायत हे कळलं असूनही काका विचारत होते. हो म्हटलं असतं तर त्यांनी ते आपल्या हाताने केलंही असतं, आधी केलं होतं तसंच. आणि माझी नोकरी राहिली असती.

मी लिहिलं, नको, काका. माझी ही अक्षरंही त्यांनी सावकाश लिहून घेतली. मग ती अख्खी कमांड शेवटून एकेक अक्षर पुसली गेली. चौकट कोरी झाली.

संपलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या ज्योत्स्नाताई बोलल्या. कळवणला त्यांचं मक्याचं मोठं गोदाम आहे.

“हे करायच्या आधी विचारतं का?”

रविराज क्षणभर गडबडला. मग धंदेवाईक माणूस तो, म्हणाला की हो, हीच तर आमची खास सोय.

“हे चांगलं आहे,” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. “आमच्याकडे कोणीच विचारत नाही. परवा एकाने न विचारता बटण दाबलं, दोनशे पोती गेली.”

मग सगळ्यांनाच ते आवडलं. सावकाश चालतं तेही आवडलं. यंत्र विचार करून काम करतंय, असं कोणीतरी म्हणालं. बाराही जणांनी घेतलं, पण एका अटीवर. घोटीसारखंच हवं. विचारणारं.

७

सोमवारी रविराज दोन चहा घेऊन माझ्या टेबलापाशी आला. एक मला दिला. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. ही विचारायची सोय प्रोग्रॅममध्ये कुठे आहे, ते त्याला बघायचं होतं. मी खरं सांगितलं, की प्रोग्रॅममध्ये असं काही नाही. त्याला ते विनय वाटलं.

“घोटीला जे केलंस,” तो म्हणाला, “तेच आता बारा ठिकाणी कर.”

घोटीला मी काय केलं होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

पहिलं कळवण. मी फोन लावला. तिथल्या कॉम्प्युटरवर भागीबाई नावाच्या बाई होत्या, बारा वर्षांपासून. नाशिकहून कोणीतरी आपल्याला काम सांगतंय याचा त्यांना मोठा आनंद झाला होता. मुलगी कॉलेजात आहे, तिला सांगेन म्हणाल्या. त्या काकांपेक्षा चपळ होत्या. ‘क्यू’ सुद्धा पटकन सापडायचा. दहा ओळी झाल्या. अकरावी झाली. रविराज माझ्यामागे चहा पीत उभा होता.

“आता काय, ताई?” भागीबाईंनी विचारलं. “दाबू?”

माझ्या तोंडाशी शब्द आलाच होता. दिवसाला चाळीस वेळा म्हणून तोंडात बसलेला. त्याच वेळी डावीकडच्या स्क्रीनवर, घोटीच्या चौकटीत, काहीतरी हललं. मी तिथे काही लिहिलं नव्हतं. हर्षल सुट्टीवर होता.

एक अक्षर आलं. मग दुसरं. एका बोटाने, शोधत शोधत.

सांगा तिला.

ओळ पूर्ण झाली. मी ‘मारू का’ची वाट बघितली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं नाही. एंटर पडला.

खाली कॉम्प्युटरचं उत्तर आलं, सांगा: अशी कमांड सापडली नाही.

“ताई?” फोनवर भागीबाई म्हणाल्या. “दाबू ना?”

“भागीबाई,” मी म्हटलं, “बोट बाजूला घ्या. हे काय आहे ते आधी ऐका.”

मागे रविराजचा चहा पिण्याचा आवाज थांबला.